मागच्या जागेत स्विमिंग पूल की बाग?

(लातूरहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून पत्राचा सारांश देते.)

माझं वय ५८. यजमान ६३ वर्षांचे, निवृत्त. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत आम्ही घर बांधतोय, काम जोत्यापर्यंत आलंय. घराच्या मागे १२०० चौरस फूट जागा मोकळी राहते. यजमानांना तिथे स्विमिंग पूल हवा: २४ फूट लांब, १२ फूट रुंद, एका टोकाला तीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला पाच. कंत्राटदाराने ११ लाख सांगितलेत. घर उभं राहिल्यावर मागे मशीन जाणार नाही, काय ते आत्ताच ठरवा, असंही तो म्हणतोय. मुलगा-सून पुण्यात असतात, नातू अडीच वर्षांचा. मुलगी अमेरिकेत, तिची लेक सात वर्षांची. ‘पूल असला की पोरं सुट्टीत धावत येतील,’ हे यजमानांचं पालुपद. त्यांना पोहायची लहानपणापासून आवड, गावच्या विहिरीत शिकलेत. आता गुडघ्यांसाठी डॉक्टरांनीही पोहायला सांगितलंय. मला मात्र बाग हवी. छान हिरवळ, झोपाळा, चार फुलझाडं. बागेला खर्च नाही की पाणी नाही. आमचं पाणी बोअरचं, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो. यावरून रोज शब्दाला शब्द लागतोय. कंत्राटदाराला पंधरा दिवसांत सांगायचंय. आमच्यात चुकतंय कुणाचं?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी ‘गावच्या विहिरीत शिकलेत’ या शब्दांपाशी थांबले. तुम्ही ते ओघात लिहून गेलात. मला वाटतं, तुमच्या घरातल्या वादाचं मूळ तिथे आहे. त्या पिढीतली मुलं विहिरीत कशी शिकली ते माझ्या वडिलांनी मला अनेकदा सांगितलंय. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर झाकण पक्कं लावलेला पत्र्याचा डबा बांधायचा, थोरल्या भावाने काठावरून ढकलायचं, नाकातोंडात पाणी जायचं, आणि आठ-पंधरा दिवसांत डबा सुटायचा. मग दुपारभर विहीर. असं बालपण ज्याच्या अंगात मुरलंय त्या माणसाला ६३ व्या वर्षी पाण्यात उतरावंसं वाटलं, तर त्यात हौसमौज मिरवण्याचा भाग मला दिसत नाही. फक्त ‘मला हवंय’ असं म्हणणं आपल्याकडच्या पुरुषांना या वयात अवघड जातं. म्हणून ते नातवंडांचं नाव घेत असतील. तुम्ही त्यांना पैशांचं आणि पाण्याचं विचारताय, त्याआधी एकदा विहिरीचं विचारा.

आणि तुम्हाला बाग का हवी, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. हिरवळ आणि झोपाळा हे चित्र तुमचं आहे की कुठल्या नर्सरीच्या फलकावरचं? तुमच्या माहेरी परस होतं का? तिथे काय लावलेलं असायचं? हे मी उगाच विचारत नाही. पुढे येईलच ते.

आता नातवंडांकडे वळू. पूल केला की ती येतील, हे तुम्ही दोघांनीही गृहीत धरलंय. तुम्ही त्याला विरोध करताना पैसे आणि पाणी काढलंत, पण मूळ समजुतीला हात लावला नाहीत. मुलं सुट्टीत येतात की नाही हे शाळेच्या तारखांवर, रजेवर, विमानाच्या तिकिटांवर ठरतं. अमेरिकेतली मुलगी दोन वर्षांतून तीन आठवडे आली तर पुष्कळ. अडीच वर्षांच्या नातवाचं तर उलटंच होईल अशी मला भीती वाटते. सूनबाईंना फोन करून सरळ विचारा: घरामागे पाण्याने भरलेला पूल असेल, तर या वयाच्या मुलाला घेऊन चार दिवस निवांत राहता येईल का? ती बिचारी दिवसभर त्याच्यामागे धावेल. दुपारी डोळा लागला तरी दचकून उठेल. आजी-आजोबांकडे आल्यावर आईला जी उसंत मिळायला हवी, तीच जाईल.

ही भीती पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसं बुडून दगावतात आणि त्यातली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं असतात. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटून आवाजही करत नाही. दोन-तीन मिनिटांत सगळं संपतं, आणि घरातली मोठी माणसं शेजारच्या खोलीत चहा घेत असतात. म्हणून पूल करायचाच झाला, तर कुंपण त्याचाच भाग धरा: चारही बाजूंनी किमान चार फूट उंच, दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर, फाटक आपोआप मिटणारं आणि कडी मुलाच्या हाताला न लागेल अशी वर. घराची मागची भिंत ही चौथी बाजू धरायची नाही, कारण मूल घरातूनच बाहेर पडतं. ऑस्ट्रेलियात खासगी पूलला कुंपण कायद्याने सक्तीचं आहे, अमेरिकेतही पुष्कळ ठिकाणी आहे, मुलीला विचारलंत तर ती सांगेल. तुमच्या कंत्राटदाराच्या ११ लाखांत कुंपण धरलंय का, ते पाहा. आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, पूल नसला तरी जमिनीतल्या टाकीचं झाकण आज जाऊन बघा. गंजलेलं, अर्धवट सरकवलेलं झाकण तितकंच घातक असतं.

पाण्याचा हिशेब मी कागदावर मांडला. तुमचा पूल सरासरी चार फूट खोल धरला तर ११५२ घनफूट, म्हणजे सुमारे ३२,६०० लिटर. दहा हजारांचे सव्वातीन टँकर. हे एकदा भरायचं. मग एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात आणि वाऱ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला आठ मिलिमीटर सहज उतरते. तुमच्या पूलच्या क्षेत्रफळावर ते रोजचे दोनशे लिटर होतात. फिल्टर उलटा धुताना दर वेळी काही शे लिटर जातात ते वेगळे.

आता तुमच्या हिरवळीचं बघू. ८०० चौरस फूट लॉन केलं, तर भर उन्हाळ्यात त्याला चौरस मीटरमागे पाचेक लिटर पाणी रोज लागतं. म्हणजे रोजचे पावणेचारशे लिटर! एकदा भरून झाल्यावर तुमच्या यजमानांच्या पूलमधून जेवढं उडून जाईल, त्याच्या जवळजवळ दुप्पट तुमची हिरवळ पिणार. बागेला पाणी लागत नाही हे तुमचं वाक्य त्यामुळे मला मान्य करता येत नाही. दर पंधरा दिवसांनी कापणी, लव्हाळा उपटणं, खत, हे लॉनच्या मागे लागलेलंच आहे. लॉनवर ना फूल येतं, ना फळ, ना सावली पडते. लातूरला लॉन लावू नका, एवढं मी ठामपणे सांगते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे तुमच्या शहरात आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. तुम्ही त्या उन्हाळ्यात तिथेच होतात, मी तुम्हाला काय सांगणार. तुमचा पूल म्हणजे त्यातली अर्ध्याहून जास्त वाघीण. तसा उन्हाळा दर वर्षी येत नाही, पण ज्या दिवसांत पाण्यात उतरावंसं वाटतं, नेमके तेच दिवस आपल्याकडे टंचाईचे. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, पावसाळ्यात गढूळ. उरतात मार्च ते मे. शेजारी टँकरची वाट बघत उभे असताना कुंपणाआड निळंशार पाणी हलतंय, हे तुमच्या यजमानांना तरी सोसेल का? विहिरीवर वाढलेला माणूस आहे, मला नाही वाटत सोसेल.

हे सगळं बाजूला ठेवलं, तरी माझ्या मते निर्णय एका प्रश्नावर व्हावा. पाहुणे नसलेल्या, सण नसलेल्या, पावसाळ्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी सात वाजता त्या मागच्या जागेत कोण उभं असणार आहे?

माझ्या मावसभावाने पुण्याजवळ घर बांधलं तेव्हा पूल केला. एका ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे चार दिवस राहिले होते. सकाळी उठून मागे गेले तर हा डोक्यावर छत्री सावरत काठावर उभा, दुसऱ्या हातात लांब दांड्याची जाळी. पाण्यावर गुलमोहराची बारीक पानं पसरलेली, फिल्टरच्या तोंडाशी दोन बेडूक, आणि रात्रभरच्या पावसाने पाण्याला हिरवट झाक आलेली. पानं काढून झाल्यावर तो उकिडवा बसला, छोट्या नळीत पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरून डब्यावरच्या रंगांशी ताडून पाहू लागला. क्लोरीन एक ते तीन पीपीएममध्ये (पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग) हवं, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८ मध्ये. पावसाच्या पाण्याने दोन्ही बिघडतात. ‘मुलं शेवटची कधी उतरली होती रे?’ मी विचारलं. ‘मे महिन्यात,’ तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. त्याला ते काम मनापासून आवडतं, तो रोज करतो, म्हणून त्याचा पूल दहा वर्षं स्वच्छ आहे. एकदाच त्याचं पाठीचं ऑपरेशन झालं. देखभालीला ठरवलेला माणूस फिरकला नाही, आणि तीन आठवड्यांत तळ दिसेनासा झाला, डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. पंप बंद पडलेला पूल म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रणच.

तुमच्याकडे त्यात बोअरच्या जड पाण्याची भर. टाइलच्या कडेला पांढरा थर धरेल, तो घासावा लागेल. एक अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर साडेचार युनिट. हे काम तुमचे यजमान गुडघे दुखत असताना बारा महिने करतील का? आणि बाग केली, तर खुरपं घेऊन वाफ्यात तुम्ही रोज तासभर बसाल का? कंबर साथ देईल का? दोन्ही प्रश्न एकमेकांना विचारू नका, ज्याने त्याने स्वतःला विचारायचे.

त्यासाठी एक वर्षाची मुदत घ्या. तुमच्या शहरात पालिकेचा, क्रीडा संकुलाचा किंवा एखाद्या क्लबचा तलाव चालू असेल, तर यजमानांनी या हंगामात तिथे नाव घालावं. डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय ना, मग त्यासाठी घर पूर्ण व्हायची वाट कशाला बघायची? शिवाय गुडघ्यांना बरं वाटायला न थांबता पोहता येईल एवढी लांब जागा लागते. २४ फुटांत तिसऱ्या-चौथ्या हातालाच भिंत येते. तीन महिने ते नेमाने गेले, तर त्यांची ओढ खरी, मग पुढच्या वर्षी पूलचा विषय पुन्हा काढा आणि तेव्हा तुम्ही आडव्या जाऊ नका. तुम्हीही सध्याच्या घरी पंधरा-वीस कुंड्या लावा, मिरची, मेथी, मोगरा, काहीही, आणि एक उन्हाळा त्या जगवून दाखवा.

‘आत्ताच ठरवा’ ही कंत्राटदाराची घाई मात्र मानू नका. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. खोदकामाचं मशीन आत जायला वाट लागते. पण घराच्या एका बाजूला दहा फूट जागा मोकळी ठेवली, तर मशीन दोन वर्षांनीही मागे जाऊ शकतं. बांधकामाच्या नकाशात एवढा बदल आत्ता करून घेणं जड नाही. त्याच मशीनने मागे एक खड्डा घेऊन काळी माती किती खोल आहे तेही बघून घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यात बसवलेला पूल नीट बांधला नाही तर तडकतो, आणि गळकं पाणी घराच्या पायात मुरतं. मुरूम वर असेल तर काळजी कमी. हा निर्णय इंजिनिअरने जागेवर येऊन द्यावा, कंत्राटदाराने फोनवर नाही.

मधल्या काळात १२०० चौरस फूट ओसाड ठेवायची गरज नाही. मधली २४ बाय १२ ची जागा तशीच सोडा आणि कडेने झाडं लावा. पूल दोन वर्षांनी केला तरी होतो. झाडाचं तसं नसतं, गेलेली दोन वर्षं त्याला परत देता येत नाहीत. केशर आंब्याचं कलम चौथ्या-पाचव्या वर्षी धरायला लागतं. नातू तेव्हा सात वर्षांचा असेल, झाडावर चढण्याच्या वयाचा. शेवगा तर वर्षाच्या आत शेंगा देतो. लिंबू, कढीपत्ता, पारिजातक, सोनचाफा, कुंपणाला जास्वंद आणि तगर. सोनचाफा दाराजवळ असावा असं मला वाटतं, पण ती माझी आवड झाली. वड, पिंपळ, उंबर यांना घराजवळ आणू नका. आंब्यासाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, मातीत मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि वाफा जरा उंच करा, नाहीतर गच्च काळ्या मातीत मुळाशी पाणी साचून कलम मरतं. जोत्यापासून पाच-सहा फुटांच्या आत पाणी घालायचं नाही.

आणि मोरीचं पाणी! पूर्वी आपल्याकडे परसात मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळी असायच्याच, बाईला त्यांना मुद्दाम पाणी घालावं लागत नसे. प्लंबरला सांगून स्वयंपाकघरातल्या सिंकचं आणि न्हाणीघराचं पाणी वेगळ्या पाइपने मागे काढून घ्या. आत्ता हजारांत होईल, फरशी बसल्यावर कुणी हात लावणार नाही. साबणाचं पाणी भाजीला घालू नका, केळीला, कर्दळीला चालतं. उरलेल्याला ठिबक आणि बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन. अशी बाग रुजल्यावर लॉनच्या निम्म्या पाण्यातही भागते.

११ लाखांपैकी थोडे पैसे आधी छतावरच्या पाण्याला द्या, असं मी आग्रहाने म्हणेन. पूल करा नाहीतर बाग. १६०० चौरस फूट छत आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर वाया जाणारं वजा करूनही ८० हजार लिटर पाणी गोळा होतं. त्यातलं वीस हजार टाकीत साठवा, बाकीचं गाळून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडा. मे महिन्यातला टँकर कदाचित लगेच थांबणार नाही, पण बोअरला जीव राहील.

राहिला पोरांचा प्रश्न. त्यांना पाण्यात खेळायचं असतं, पोहायला ती शहरातल्या तलावात शिकतील, शक्यतो आजोबांबरोबर. मागे आंब्याजवळ सहा फूट बाय चार फुटांचा, दीड फूट खोलीचा हौद बांधा, तळाला मोठी तोटी. सुट्टीत सकाळी भरायचा, हजारेक लिटर पाणी लागतं. मोठं माणूस शेजारी बसलेलं असेल तोवर पोरांनी डुंबायचं, आणि ती बाहेर आली की तोटी उघडायची. पाणी पाटाने झाडांना जातं. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळे झाडांना अपाय नाही. रात्री हौद कोरडा, म्हणून डास नाहीत आणि मूल पडायची भीतीही नाही. माझ्या नणंदेच्या घरी असा हौद आहे. तोटी उघडायचा मान कुणाचा यावरून तिच्या नातवंडांची रोज भांडणं होतात, आणि पाण्यामागे पाटाच्या कडेने धावत शेवटच्या झाडापर्यंत जाणं हा तर निम्मा खेळ.

हेच उत्तर सगळीकडे लागू पडेल असं मात्र नाही. कोकणात जांभा दगड आणि भरपूर पाऊस आहे, तिथला हिशेब वेगळा. घरात रोज पोहणारी चार माणसं असतील, पाणी बारमाही असेल, कुंपण आणि देखभाल यांचे पैसे आधीच बाजूला काढलेले असतील, तर मी पूलला नाही म्हणणार नाही. फ्लॅटमध्ये पूल आहे म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांनी मात्र घर घेण्याआधी एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मे महिन्यात जाऊन तो पूल पाहावा.

ताई, चुकतंय कुणाचं, हे मी सांगणार नाही. तुम्ही दोघं रोज एकमेकांची चूक शोधताय, त्याऐवजी एका संध्याकाळी साइटवर जा, दोरी आणि चुना घेऊन २४ बाय १२ ची जागा आखा आणि तिच्या कडेला झाडांच्या खुणा करा. कागदावर मोठी वाटणारी जागा आखल्यावर केवढी उरते ते दोघांच्याही लक्षात येईल. आंब्याचे खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या, दोन चांगले पाऊस झाले की कलमं लावा.

आणि कंत्राटदाराला या आठवड्यात एवढंच कळवा: बाजूची दहा फुटांची वाट मोकळी ठेव, मागच्या भिंतीतून पाण्याची आणि विजेची एकेक पाइप काढून ठेव, आणि त्या मागच्या जागेत सिमेंटचा राडारोडा टाकू नकोस. तिसरी गोष्ट तो विसरेल. तेव्हा सध्या रोज एक फेरी मारा, यजमानांनाही सोबत घ्या.